विमानाचे दार आणि चाकांची खुर्ची : काही साध्या सूचनांमागचा इतिहास

१/
३ फेब्रुवारी १९४५. दुसरे महायुद्ध अखेरच्या टप्प्यात आले होते. माल्टा बेटावरून निघालेले एक विमान क्रिमियातील साकी येथील धावपट्टीवर उतरले. त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट होते. चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमवेत व्हायच्या याल्टा परिषदेसाठी ते निघाले होते. १९२१ साली आलेल्या आजारपणात रूझवेल्ट यांच्या पायांतील शक्ती गेली होती. विमानाची शिडी चढणे किंवा उतरणे त्यांना शक्य नव्हते. त्या दिवशी त्याची गरजही पडली नाही.

२/
त्या विमानात प्रवासी कक्षाच्या मागे एक छोटी लिफ्ट बसवलेली होती. राष्ट्राध्यक्षांना चाकांच्या खुर्चीत बसल्या जागी, खुर्चीसकट, विमानात चढवता आणि उतरवता यावे यासाठी ती होती. डग्लस कंपनीच्या सी-५४ जातीच्या विमानात हा बदल खास त्यांच्यासाठी करण्यात आला होता. पत्रकारांनी त्या विमानाचे नाव ‘सेक्रेड काऊ’, म्हणजे ‘पवित्र गाय’, असे ठेवले. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन झाले. तोवर ते विमान त्यांनी एकदाच वापरले होते. आज ते ओहायो राज्यातील डेटन येथे अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

३/
म्हणजे चालू न शकणाऱ्या माणसाला सन्मानाने विमानात कसे चढवावे, हा प्रश्न यंत्रविद्येने १९४५ सालीच सोडवला होता. मग सामान्य प्रवाशाला तोच सन्मान मिळवण्यासाठी पुढे कित्येक दशके न्यायालयांची दारे का ठोठवावी लागली? आज ‘विशेष साहाय्य’ या मथळ्याखाली प्रवाशांना ज्या साध्या सूचना दिल्या जातात, त्यांतील बहुतेक सूचनांमागे एखादा खटला, एखादा अपमान, क्वचित एखादा मृत्यू आहे. हा इतिहास त्या सूचनांचा आहे.

४/
प्रारंभ १९३० पासून करावा लागतो. त्या वर्षी १५ मे रोजी एलन चर्च या तरुणीने बोईंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानात प्रवाशांच्या दिमतीला पहिली फेरी केली. जगातील पहिली हवाई सुंदरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती शिकलेली परिचारिका होती, आणि सुरुवातीच्या काळात या कामासाठी परिचारिकाच निवडल्या जात. विमाने कमी उंचीवरून उडत, हवेत हेलकावे खात, प्रवाशांना मळमळ होई. परिचारिका सोबत आहे म्हटल्यावर त्यांना धीर येई.

५/
त्यात हेतू चांगलाच होता. परंतु त्याबरोबर एक दृष्टीही रुजली : प्रवासी म्हणजे केव्हाही आजारी पडू शकणारा जीव, आणि कंपनी म्हणजे त्याच्या प्रकृतीची परीक्षक. धडधाकट माणसाच्या बाबतीत ही नजर पुढे विरून गेली. ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याचे हात थरथरतात, ज्याचा उच्चार स्पष्ट नाही, त्याच्याकडे मात्र ती रोखलेलीच राहिली. अपंगत्व आणि आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विमान वाहतुकीला उमगायला फार वेळ लागला.

६/
दुसरी अडचण विमानाच्या बांधणीत होती. अमेरिकी नियमांनुसार वीस किंवा त्याहून अधिक आसनांच्या विमानात दोन रांगांमधील वाट खालच्या बाजूला किमान १५ इंच आणि वरच्या बाजूला किमान २० इंच असली म्हणजे पुरे. नेहमीची व्हीलचेअर याहून बरीच रुंद असते. त्यामुळे ती दारापाशीच थांबते. तेथून पुढे प्रवाशाला एका अरुंद, पट्टे असलेल्या खुर्चीवर बसवून आसनापर्यंत नेतात. ही खुर्ची नसेल, तर माणसांनी उचलून न्यायचे. विमानातील स्वच्छतागृहाची कथा याहून बिकट आहे.

७/
तिसरी अडचण एका शब्दाची होती : ‘सुरक्षितता’. विमानाच्या आणि त्यातील सर्वांच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी वैमानिकावर असते, आणि ती असलीच पाहिजे. परंतु या जबाबदारीच्या आड अनेक गोष्टी खपून गेल्या. सोबती असल्याशिवाय अपंग प्रवाशाला घ्यायचे नाही, असा आग्रह कंपन्या धरीत. एकीचा नियम दुसरीपेक्षा निराळा असे. आसन खराब होईल या भीतीने प्रवाशाला घोंगडीवर बसवले जाई. अशी घोंगडी अंथरायला लावू नये, असे अमेरिकी सरकारला पुढे नियमात स्पष्ट लिहावे लागले. जे घडतच नाही, त्याच्या मनाईचे नियम सहसा कोणी करीत नाही.

८/
या वागणुकीविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक होते. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९४६ साली ‘पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापन केली. पूर्वी असे रुग्ण फार काळ जगत नसत. नव्या औषधांनी आणि शुश्रूषेने ते जगू लागले, आणि जगू लागल्यावर त्यांना नोकरी, घर, प्रवास हे सारे हवे होते. देशासाठी जायबंदी झालेल्या माणसाला देशातल्या देशात विमानाने जाता येऊ नये, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

९/
१९७३ साली अमेरिकेत पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमाने सांगितले की, केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. प्रश्न असा आला की विमान कंपन्या सरकारचे अर्थसाहाय्य घेतात का? १९८२ साली तेथील नागरी उड्डाण मंडळाने नियम केले, पण त्यांचा पूर्ण अंमल थेट अनुदान घेणाऱ्या मोजक्या कंपन्यांपुरताच ठेवला. मोठ्या कंपन्या त्यातून सुटल्या. सैनिकांची संघटना न्यायालयात गेली.

१०/
संघटनेचा युक्तिवाद सरळ होता. विमानतळ सरकारी पैशाने बांधले जातात. आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण सरकार करते. या दोन्ही गोष्टींवाचून एकही विमान उडू शकत नाही. मग विमान कंपन्या सरकारी साहाय्यावर चालत नाहीत, असे कसे म्हणता येईल? वरिष्ठ न्यायालयाने १९८५ साली हे म्हणणे मान्य केले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

११/
२७ जून १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी संघटनेच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताच्या वतीने म्हटले की, साहाय्य मिळते ते विमानतळ चालवणाऱ्यांना. विमान कंपन्यांना त्याचा केवळ लाभ होतो, आणि लाभ होणे म्हणजे साहाय्य घेणे नव्हे. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिले. वर्णभेदाविरुद्धचे ऐतिहासिक खटले वकील म्हणून लढलेला हा माणूस या प्रश्नावर अल्पमतात होता.

१२/
पराभव पूर्ण होता. पण लढ्याचा शेवट तेथे झाला नाही. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला होता, आणि कायदा बदलणे संसदेच्या हाती होते. अवघ्या तीन महिन्यांत अमेरिकी काँग्रेसने ‘एअर कॅरिअर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट’ संमत केला. २ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची त्यावर सही झाली. अनुदान असो वा नसो, कोणत्याही विमान कंपनीला अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्याने ठरवले. अमेरिकेचा सर्वपरिचित अपंग हक्क कायदा १९९० चा. म्हणजे विमानाच्या दाराचा कायदा त्याच्या चार वर्षे आधी आला.

१३/
या कायद्याखालचे सविस्तर नियम १९९० साली निघाले. नव्या विमानांतील वाटेकडच्या काही आसनांचे हात वर उचलता यावेत, म्हणजे खुर्चीवरून आसनावर सरकणे सोपे जाईल. रुंद, दोन वाटांच्या नव्या विमानांत व्हीलचेअरवरील प्रवाशाला वापरता येईल असे एक स्वच्छतागृह असावे. साध्या अपंगत्वासाठी वैद्यकीय दाखला मागू नये. आज जगभर परिचित असलेल्या अनेक तरतुदींचा उगम येथे सापडतो.

१४/
उणिवाही राहिल्या. देशांतर्गत प्रवास बहुतांशी एका वाटेच्या लहान विमानांतून होतो, आणि त्यांतील स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटला नाही. त्यासंबंधीचा नियम २०२३ साली झाला, आणि तोही पुढे मागवल्या जाणाऱ्या नव्या विमानांना, २०३३ नंतर, लागू होणार आहे. म्हणजे १९८६ च्या कायद्यानंतर जन्मलेले मूल मध्यमवयात येईल, तेव्हा ही सोय मिळू लागेल. दरम्यान असंख्य प्रवासी उड्डाणाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे टाळतात.

१५/
अटलांटिकच्या अलीकडे, युरोपात, भांडण निराळ्या कारणावरून पेटले. दार बंद नव्हते, पण दारापर्यंत जाण्याचे पैसे पडत होते. २००२ साली बॉब रॉस हे इंग्रज गृहस्थ लंडनजवळील स्टॅनस्टेड विमानतळावरून फ्रान्सला निघाले. तपासणी खिडकीपासून विमानापर्यंत जाण्यासाठी लागलेल्या व्हीलचेअरचे त्यांच्याकडून १८ पौंड घेण्यात आले. तिकीट स्वस्त, पण चालता येत नसेल तर वेगळा दर. रॉस यांनी रायनएअर या कंपनीविरुद्ध दावा लावला.

१६/
२००४ साली न्यायालयाने हा भेदभाव असल्याचे मान्य केले. अपिलात जबाबदारी कंपनी आणि विमानतळ या दोघांवर सारखी टाकली गेली. या वादाने खरा प्रश्न समोर आणला. विमानतळ कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विमानतळाकडे, आणि मध्ये प्रवासी ताटकळतो. २००६ च्या युरोपीय नियमाने यावर तोडगा काढला. विमानतळावरील साहाय्य विमानतळानेच विनामूल्य द्यायचे, आणि त्याचा खर्च तेथून उडणाऱ्या सर्व कंपन्यांनी मिळून, प्रवासीसंख्येच्या प्रमाणात, उचलायचा. सगळ्यांचे थोडे थोडे, एकट्याचे सगळे नव्हे.

१७/
आता भारताकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४४ व्या कलमात रेल्वेचे डबे, बस, जहाजे यांच्याबरोबर विमानांचाही उल्लेख होता. अपंग व्यक्तींना सहज चढता येईल असे बदल त्यांत करावेत, असे ते कलम सांगे. पण त्याच वाक्यात एक पळवाट होती : ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ही क्षमता कोणी आणि कशी मोजायची, हे लिहिलेले नव्हते.

१८/
१ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, मे २००८ मध्ये, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अपंग आणि हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशांविषयी स्वतंत्र नियम काढले. केवळ अपंगत्वामुळे कोणाला प्रवास नाकारू नये, हे कागदावर आले. कागदावरचे विमानाच्या दाराशी किती टिकते, याची परीक्षा चार वर्षांनी झाली.

१९/
मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिकता येते, हे ज्या काळात लोकांना पटवून द्यावे लागे त्या काळातील ही संस्था. पुढे तिने ‘अडॅप्ट’ हे नाव घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये या संस्थेने गोव्यात अपंगत्वाच्या प्रश्नांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. निमंत्रितांत कोलकात्याच्या जीजा घोष होत्या. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या, इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातून अपंगत्व अध्ययनाची पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या जीजा अपंग हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्या म्हणून परिचित होत्या.

२०/
१९ फेब्रुवारी २०१२ ची सकाळ. जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानात आपल्या आसनावर बसल्या होत्या. दुपारी परिषद सुरू व्हायची होती. विमानातील कर्मचारी त्यांच्याजवळ आले, त्यांनी बोर्डिंग पास मागितला आणि मग खाली उतरण्यास सांगितले. आपल्याला गोव्यात पोहोचणे आवश्यक आहे, असे जीजा रडत सांगत राहिल्या. तरी त्यांना उतरवण्यात आले. वैमानिकाच्या सांगण्यावरून आणि आपल्या अपंगत्वामुळे हे घडले, असे त्यांना नंतर कळले. त्या धक्क्याने त्यांची झोप आणि अन्न तुटले, डॉक्टरांकडे जावे लागले, आणि परिषद हुकली.

२१/
अपंगांच्या हक्कांवरील परिषदेला निघालेल्या बाईला अपंगत्वासाठी विमानातून उतरवले जाते, यातील विसंगती सांगावी लागत नाही. जीजा घोष आणि ‘अडॅप्ट’ यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कंपनीचे म्हणणे असे की, तिकीट काढताना अपंगत्वाची कल्पना दिलेली नव्हती, त्यांची प्रकृती ठीक दिसत नव्हती, आणि जे केले ते त्यांच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेसाठी केले. ऐंशी वर्षे जुनी ती परिचारिकेची नजर पुन्हा एकदा अवतरली होती. फरक इतकाच की या वेळी परिचारिका नव्हती आणि डॉक्टरही नव्हता.

२२/
१२ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती ए. के. सीकरी आणि न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले : कोणताही वैद्यकीय सल्ला न घेता हा निर्णय घेतला गेला. जीजा घोष यांची स्थिती कोणत्याही साधनाची किंवा विशेष मदतीची गरज पडावी अशी नव्हती. कंपनीने त्यांना १० लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी, असा आदेश झाला. अपंग व्यक्तीला हवे असते ते दयेचे दान नसून माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा, हा या निकालाचा गाभा आहे.

२३/
रूझवेल्ट आणि जीजा घोष यांची उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहावीत. एकासाठी विमानच बदलले गेले. दुसरीला विमानात कोणताही बदल नको होता, त्या आपल्या आसनावर बसलेल्या होत्या, तरी त्यांना उठवले गेले. म्हणजे यंत्र ही खरी अडचण कधीच नव्हती. कोणते शरीर उडण्यास योग्य, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न होता. त्या निकालाने निदान एवढे ठरले की, नुसते पाहून हे ठरवता येणार नाही.

२४/
खटला चालू असतानाच सरकारने एक समिती नेमली होती आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये डीजीसीएने सुधारित नियम काढले. पण याचिकेचा प्रवास २०१६ नंतरही चालू राहिला, आणि तिने आणखी एका अपमानाला हात घातला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. अपघातात पाय गमावून कृत्रिम पायावर पुन्हा नृत्याला उभ्या राहिलेल्या या कलावतीला विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत तो पाय वारंवार काढायला लावला जात असे. सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली.

२५/
त्यानंतर महिनाभराने, १ डिसेंबर २०२१ रोजी, जीजा घोष यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी बजावल्या. मानवी प्रतिष्ठा जपण्यासाठी, तपासणीत कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत. आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीवाचून उचलू नये, तसे उचलणे अमानुष आहे. ज्याने कधी अनोळखी हातांनी स्वतःला गाठोड्यासारखे उचलले गेल्याचा अनुभव घेतला नाही, त्याला या दुसऱ्या वाक्याचे मोल चटकन उमगणार नाही.

२६/
मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका अपंग मुलाला इंडिगोच्या विमानात चढू दिले गेले नाही. तो घाबरलेला आहे, असे कारण देण्यात आले. सहप्रवाशांत डॉक्टर होते आणि त्यांनी मदतीची तयारी दाखवली होती, तरी विमान त्याच्याविना गेले. डीजीसीएने कंपनीला ५ लाख रुपये दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलले. प्रवाशाची प्रकृती हवेत बिघडेल असे कंपनीला वाटले, तर विमानतळावरील डॉक्टरने त्याला समक्ष तपासले पाहिजे. त्या मतानंतरही प्रवास नाकारायचा असेल, तर कारण लगेच लेखी दिले पाहिजे. कोलकात्यात जे झाले नव्हते, ते दहा वर्षांनी नियमात आले.

२७/
फेब्रुवारी २०२४. न्यूयॉर्कहून एक वृद्ध दांपत्य मुंबईला उतरले. दोघांसाठी व्हीलचेअर आधी नोंदवलेली होती. आली एकच. तिच्यावर पत्नी बसली, आणि ऐंशी वर्षांचे पती तिच्या सोबतीने चालत निघाले. विमानापासून पारपत्र तपासणीपर्यंतचे लांबलचक अंतर कापताना ते कोसळले आणि दगावले. खुर्च्यांना मागणी फार असल्याने थांबण्यास सांगितले होते, असे एअर इंडियाने म्हटले. डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि पुरेशा खुर्च्या ठेवण्यास सर्व कंपन्यांना बजावले. म्हाताऱ्या माणसाने बायकोला एकटी पुढे जाऊ न देणे ही आपल्याकडची साधी रीत आहे. यंत्रणेने तिचा विचार केला नव्हता.

२८/
आता या इतिहासाच्या उजेडात आजच्या सूचना वाचता येतात.

पहिली : मदत हवी असल्यास तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, कळवावे आणि त्याची नोंद तिकिटावर किंवा संदेशात लेखी घ्यावी. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव त्यामुळे उरत नाही. घरातील दोघांना खुर्ची लागणार असेल, तर दोन स्वतंत्र नोंदी आहेत ना, हे पुन्हा विचारून घ्यावे.

२९/
दुसरी : व्हीलचेअर मागताना नेमकी कोणती मदत हवी ते सांगावे. विमान वाहतुकीत यासाठी तीन खुणेची अक्षरे आहेत. ‘आर’ म्हणजे लांब चालणे जमत नाही, पण पायऱ्या चढता येतात. ‘एस’ म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात आसनापर्यंत चालता येते. ‘सी’ म्हणजे आसनापर्यंत न्यावे लागते. चुकीचे अक्षर पडले, की शिडीच्या तळाशी उभे राहून वाद घालण्याची पाळी येते. ‘एस’ किंवा ‘सी’ असेल, तर त्या विमानतळावर प्रवाशाला खुर्चीसकट वर नेणारी गाडी, म्हणजे अँब्युलिफ्ट, मिळेल का हे आधी विचारावे. रूझवेल्ट यांच्या विमानातील लिफ्टचीच ही सार्वजनिक आवृत्ती होय.

३०/
तिसरी : कायमच्या, स्थिर अपंगत्वासाठी वैद्यकीय दाखल्याची सक्ती नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, संसर्गजन्य आजार असेल, किंवा प्रवासात प्राणवायू लागणार असेल, तर मात्र डॉक्टरांचा दाखला आणि कंपनीची पूर्वसंमती घ्यावी. आजार आणि अपंगत्व यांतील जो भेद पटवायला इतकी वर्षे गेली, तो प्रवाशानेही ध्यानात ठेवावा. प्रवेश नाकारला गेल्यास तीनच गोष्टी मागाव्यात : डॉक्टरांकडून तपासणी, त्यांचे मत आणि लेखी कारण.

३१/
चौथी, स्वतःच्या खुर्चीविषयी. अमेरिकेतील कंपन्यांना २०१८ च्या कायद्यानंतर मोडलेल्या वा हरवलेल्या व्हीलचेअरचा हिशेब द्यावा लागतो. तो आकडा अलीकडे वर्षाला दहा हजारांहून अधिक निघाला आहे. म्हणून शक्य असेल तेथे स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरावी, सुटे भाग आणि गादी काढून आपल्याजवळ ठेवावी, आणि खुर्ची हवाली करण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत. बॅटरीवरची खुर्ची असेल, तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता तिकिटाच्या वेळीच कळवावी. काढून सोबत न्यायची लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपेक्षा मोठी चालत नाही.

३२/
पाचवी, भरपाईविषयी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असणारा माँट्रियल करार भारतात २००९ पासून अमलात आहे. त्यानुसार व्हीलचेअर ही ‘सामान’ ठरते आणि भरपाईला कमाल मर्यादा पडते. महागड्या खुर्चीची किंमत तीतून भरून निघत नाही. खुर्ची देताना तिचे विशेष मूल्य जाहीर केले, आणि कंपनी मागेल तो जादा आकार भरला, तर मर्यादा वाढवता येते. नुकसान दिसले तर विमानतळ सोडण्यापूर्वीच नोंदवावे. लेखी तक्रारीची मुदत सात दिवसांची आहे. ज्याचे पायच जणू तळघरात ठेवले जातात, त्याला कायदा अजून सामानाचा मालक मानतो, ही या इतिहासातील न सुटलेली गाठ आहे.

३३/
सहावी, तपासणीविषयी. कृत्रिम पाय काढण्यास सांगितले गेल्यास शांतपणे नकार देऊन वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावण्याची विनंती करावी, आणि तपासणी पडद्याआड, आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून मागावी. उचलण्यापूर्वी ‘कसे धरायचे ते मी सांगतो’ असे कर्मचाऱ्यांना स्वतः सांगावे. आपले शरीर कसे हलवावे, याचा सर्वात जाणकार माणूस तोच असतो. सोबतच्यांनीही कर्मचाऱ्यांची उत्तरे स्वतः न देता त्यालाच बोलू द्यावे.

३४/
‘सेक्रेड काऊ’ची लिफ्ट एका माणसासाठी एकदा चालली, कारण तो राष्ट्राध्यक्ष होता. पुढच्या लोकांजवळ ते पद नव्हते. जायबंदी सैनिकांनी हरलेला खटला कायद्यात बदलून घेतला. एका प्रवाशाने १८ पौंडांचा हिशेब मागितला. कोलकात्याच्या एका बाईने विमानातून उतरवले गेल्यावर चार वर्षे न्यायालयाची वाट पाहिली. त्यामुळे आज विमानतळावर कोणी आजोबा ‘उगाच कशाला लोकांना त्रास, चालेन मी हळूहळू’ म्हणू लागले, तर त्यांना सांगावे की खुर्ची मागणे हा कोणाला त्रास देणे नव्हे. तो आपला हक्क आहे, आणि तो मिळवण्यासाठी इतरांनी पुष्कळ त्रास आधीच सोसून झालेला आहे.